ईशान्येकडच्या शेजाऱ्यांना मारहाण झाली, तर वस्तीने काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या पूर्व भागातल्या एका वस्तीत मणिपूर, नागालँड, मिझोराम, अरुणाचलची बरीच मुलंमुली भाड्याने राहतात. येता-जाता "चिंकी", "मोमो" असं ओरडणं नेहमीचंच होतं. आता टपरीसमोर एका मुलाला चौघा-पाचजणांनी मारलं, आणि पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून त्याला घरी पाठवलं. पंधरा-वीस शेजारी एकत्र आले आहेत आणि मोर्चा काढायचं म्हणताहेत. नेमकं काय करावं?

मोर्चा काढा, पण शेवटी. आधी कागद आणि हजेरी. हल्ला करणाऱ्यांना एका संध्याकाळच्या मेणबत्त्यांची फार धास्ती वाटत नाही. फिर्यादी प्रत्येक तारखेला एकटा येत नाही, चारजण बरोबर येतात, हे कळलं की मात्र वागणं बदलतं. पोलीस ठाण्यातलंसुद्धा.

एनसीपासून सुरुवात करू, कारण बहुतेक प्रकरणं तिथेच मरतात. वंशवाचक शिवीसाठी आपल्याकडे आजही स्वतंत्र कलम नाही. दिल्लीत जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलच्या निदो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशी कलमं सुचवली होती, पण ती आली नाहीत, भारतीय न्याय संहितेतही नाहीत. त्यामुळे ठाणे अंमलदार याच संहितेतलं साध्या मारहाणीचं ११५(२) आणि शिवीगाळीचं ३५२ लावतो. दोन्ही अदखलपात्र. अशा वेळी पोलीस नोंद करून दंडाधिकाऱ्याकडे जायला सांगतात, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. अंमलदार खोटं बोलत नसतो. त्याच्यापुढे जेवढं सांगितलं गेलं, तेवढ्यावर एनसीच होते.

म्हणून पहिलं काम हे, की घडलं ते पूर्ण सांगितलं जावं. काठी, बाटली, कडं, दगड असं काही वापरलं होतं का? धोकादायक शस्त्राने दुखापत म्हणजे ११८(१), आणि ते दखलपात्र आहे. हाड मोडलं, दात पडला असेल तर ती जबर दुखापत, कलम ११७. अशी जबर दुखापत करणारे पाच किंवा जास्त होते आणि कारण वंश, जात, जन्मस्थान, भाषा यातलं होतं, तर ११७(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. इथे चार की पाच हा फरक मोठा आहे. "चार-पाच पोरं होती" असं ढोबळ सांगू नका. जो हाताची घडी घालून उभा होता, ज्याने पळायची वाट अडवली, तोही मोजायचा, त्याचा शर्ट, गाडी, काय बोलला ते सांगायचं. मात्र आकडा फुगवायचा नाही. उलटतपासणीत एक माणूस खोटा ठरला की बाकीचे चौघेही संशयाच्या भोवऱ्यात येतात. मुलीच्या अंगाला हात लावला असेल तर ७४, अश्लील शेरा असेल तर ७९, पाठलाग असेल तर ७८. यातलं काय घडलं हे तिला नीट, शांतपणे विचारायला बाई बरोबर हवी. अशा गुन्ह्यांत तिची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच घ्यायची असते.

दुसरं काम याहून महत्त्वाचं: शब्द जसेच्या तसे. फिर्याद मराठीत लिहिली जाते, मुलगा हिंदी-इंग्रजीत बोलतो, आणि कागदावर उतरतं ते "किरकोळ वादातून शिवीगाळ केली". झालं, द्वेष त्यातून गळून गेला. नंतर तो भरून काढता येत नाही, कारण पुरवणी जबाबात आलेल्या शिव्या "मागाहून सुचलेल्या" ठरवल्या जातात. "अरे ए चिंकी, तुमच्या चायनाला जा" असं म्हटलं असेल, तर अवतरणचिन्हांत तेच वाक्य, त्याच भाषेत लिहायला सांगा. शब्द कितीही घाण असला तरी लाजू नका. सही करण्याआधी मजकूर त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवायला हवा. मराठी आणि त्याची भाषा, निदान चांगलं हिंदी, येणारा माणूस यासाठीच बरोबर न्यायचा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना संरक्षण देणाऱ्या अॅट्रॉसिटी कायद्याबद्दल दोन गैरसमज आहेत. एक, ईशान्येकडचे सगळे अनुसूचित जमातीचे असतात. तसं नाही. मैतेई, आसामी, नेपाळीभाषक यांतले कितीतरी जण त्यात येत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी विचारा, आणि जमातीचा दाखला असेल तर गावाहून फोटो मागवून घ्या. दुसरा गैरसमज पोलिसांकडूनही ऐकू येतो: "हा दाखला नागालँडचा, महाराष्ट्रात चालत नाही." नोकरीतल्या आरक्षणाचा हिशोब वेगळा. अॅट्रॉसिटीच्या संरक्षणाबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की ते देशात कुठेही लागू होतं. निकालाची प्रत खिशात ठेवा. वाद घालण्यापेक्षा कागद पुढे सरकवणं सोपं.

या कायद्यातलं कलम निवडताना ३(१)(एस) हे जातीच्या नावाने शिवी देण्याचं आहे, आणि "चिंकी" हे कुठल्या जमातीचं नाव नव्हे, असा बचाव हमखास येतो. त्यामुळे अपमान करण्याच्या हेतूने पाणउतारा, म्हणजे ३(१)(आर), अशा प्रसंगात जास्त जवळचं. मारहाण असेल तर ३(२)(व्हीए) पाहायला सांगा. दोन गोष्टींवर ही प्रकरणं ढासळतात. अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला पाहिजे. बंद खोलीत, तिऱ्हाईत कोणी नसताना झालेलं बसत नाही. जिना, गेट, टपरी असेल तर तिथे आणखी कोण होतं, त्यांची नावं फिर्यादीतच घ्या. आणि समोरच्याला जमात माहीत होती हे दिसलं पाहिजे. एकाच इमारतीत वर्षभर राहणारा "मला काय माहीत" म्हणतो, तेव्हा भाडेकराराच्या वेळी कोण हजर होतं हे कामाला येतं.

हा कायदा लागला की तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, शहरात एसीपी. दोषारोपपत्रासाठी ६० दिवस. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. अटकपूर्व जामिनाला कलम १८ ची आडकाठी आहे, आणि जामिनाच्या सुनावणीत पीडिताला बाजू मांडायचा हक्क कलम १५ए देतं. हा हक्क फुकट जातो, कारण नोटीस येते तेव्हा मुलगा परीक्षेत असतो. गटातल्या एकाकडे हेच काम द्या. आर्थिक साहाय्य समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांमार्फत मिळतं. ३(१)(आर)साठी एकूण १ लाख, त्यातले २५ टक्के एफआयआरनंतर, ५० टक्के दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर, उरलेले शिक्षा झाल्यावर. ते आपोआप बँकेत येऊन पडतील या भरवशावर राहू नका, अर्ज करून पोच घ्या.

एफआयआर घेतच नसतील तर आवाज चढवू नका. लेखी तक्रार दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. हद्दीचं कारण पुढे केलं तर झिरो एफआयआर (हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा) मागा, ती आता कायद्यातच आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). ईमेलनेही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तरी हललं नाही तर तीच तक्रार पोस्टाने डीसीपींना, आणि मग प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्याकडे याच संहितेच्या १७५(३)खाली तपासाचा आदेश मागणारा अर्ज. यासाठी वकील लागतो, पण पैसे लागतीलच असं नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि वांशिक हिंसाचाराचे पीडित यांना विधी सेवा प्राधिकरण उत्पन्न न पाहता वकील देतं. दूरध्वनी १५१००. आधी झालेली एनसी वाया जात नाही. तिचा क्रमांक पुढच्या प्रत्येक अर्जात लिहा. एकाच टोळक्याविरुद्ध तीन एनसी एकापाठोपाठ दिसल्या की "किरकोळ वाद" म्हणणं अवघड होतं.

दवाखाना त्याच दिवशी. उद्या नाही. सरकारी रुग्णालय उत्तम, खासगीत गेलात तर एमएलसीची (पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय) नोंद करायला सांगा. "पडलो" असं अनेक मुलं घाबरून सांगतात, आणि तोच शब्द केसपेपरवर राहतो. कशाने, कुठे, कितीजणांनी मारलं हे डॉक्टरांना सांगा. मुका मार पहिल्या दिवशी दिसत नाही, म्हणून फोटो दोनदा काढा, त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, एकदा चेहऱ्यासकट आणि एकदा जवळून. समोरची बाजू उलटी तक्रार देणार हे गृहीत धरा. अशा वेळी कोणाचा कागद आधीच्या वेळेचा आहे, याला फार वजन येतं.

सीसीटीव्हीच्या बाबतीत घाई करावी लागते. सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) आठ कॅमेरे आणि १ टीबीची डिस्क असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत जुनं पुसून नवं बसतं. टपरीसमोरच्या दुकानांना त्याच संध्याकाळी लेखी विनंती द्या आणि एक प्रत तपास अधिकाऱ्याला द्या, म्हणजे उद्या "फुटेज उपलब्ध नाही" म्हणायची सोय राहत नाही. डीव्हीआरचं घड्याळ बहुधा चुकलेलं असतं. पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत टिपून ठेवा, सतरा मिनिटांचा फरक असला तरी मग अडत नाही. न्यायालयात चालायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. यंत्र ज्याच्या ताब्यात त्याने एक भाग भरायचा, तज्ज्ञाने दुसरा, आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारी अंकाक्षरी खूण, त्यात नोंदवायची. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली फाइल दाबली जाते, तिची हॅश बदलते. मूळ पेनड्राइव्हवर घ्या.

आणि कृपा करून व्हिडिओ व्हायरल करू नका. राग समजतो, पण त्याने दोन नुकसानं होतात. मार खाणाऱ्याचा चेहरा गावभर फिरतो, घरी आईवडिलांना बातमी फोनवरून कळते, आणि दुसऱ्या दिवशी ते "परत ये" म्हणतात. शिवाय संशयितांचे फोटो सगळ्यांनी पाहिल्यावर ओळख परेडला अर्थ उरत नाही. बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. तरुण पोरांनी जमून "जाब विचारायला" जाणं तर त्याहून वाईट. गुन्हा मग तुमच्यावर दाखल होतो, आणि मूळ प्रकरण तडजोडीच्या चहावर मिटतं.

तडजोडीचा दबाव येणारच. स्थानिक पुढारी येतील, "पोराचं करिअर आहे, माफी मागायला लावतो" म्हणतील. साधी मारहाण, शिवीगाळ यांत पीडित स्वतः तडजोड करू शकतो. अॅट्रॉसिटीत तसं करता येत नाही. निर्णय कुणाचा, तर त्या मुलाचा. त्याला मिटवायचं असेल तर शेजाऱ्यांनी आपली लढाई त्याच्या खांद्यावर लढू नये. फक्त तो निर्णय एकट्याने, रात्री अकरा वाजता, सहाजणांच्या गराड्यात होऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन आपली माणसं शेजारी असताना होऊ द्या.

आता गट. पंधरा-वीसजणांची यादी सात-आठांवर येते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तेवढे पुरतात. कामं वाटून द्या: ठाण्यात जाणारे दोघे, दवाखान्याचा एक, कागदपत्रं आणि तारखांची वही सांभाळणारा एक, भाषेचा एक, रात्रीचा फोन उचलणारे दोघे आळीपाळीने. वहीत तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, साक्षीदार आणि काय कारवाई झाली एवढे रकाने पुरे. "मोमो" म्हणून हाक मारण्याच्या घटनाही त्यात घ्या, तक्रार करायची नसली तरी. दोन महिन्यांत लक्षात येतं की बहुतेक नोंदी एकाच चौकातल्या, रात्री दहा ते बाराच्या आहेत. मग पोलिसांकडे "वातावरण बिघडलंय" असं मोघम न मागता अमुक चौकात या दोन तासांची गस्त मागता येते. महापालिकेकडे त्याच चौकाचा दिवा.

गटात ईशान्येकडची माणसं निम्मी तरी हवीत, आणि निर्णय घेताना हवीत, फोटोपुरती नव्हेत. तिकडच्या विद्यार्थी संघटना आणि चर्चचे गट बहुतेक शहरांत असतात, त्यांच्याकडे तुमच्या आधीपासून फोनसाखळी असते. नवी उभारण्याऐवजी तिला जोडून घ्या.

महाराष्ट्रात याचा चांगला धडा भिवंडीत मिळाला. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या त्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यातली ग्यानबाची मेख अशी, की समित्या दंगलीच्या दिवशी बसत नव्हत्या, एरवी बसत होत्या, आणि नुसते प्रतिष्ठित नव्हे तर साधी माणसं आणि बीटचा पोलीस शिपाई तिथे एकमेकांना नावाने ओळखत होते. तुमच्याही बीट अंमलदाराला महिन्यातून एकदा चहाला बोलवा. भांडण नसताना.

प्रत्यक्ष प्रसंगात रस्त्यावर कुणी त्रास देताना दिसलं, तर त्रास देणाऱ्याशी बोलू नका. ज्याला त्रास होतोय त्याच्याशी बोला. "अरे, इथे काय करतोस, चल, रिक्षा थांबलीये", असं म्हणून शेजारी उभं राहा आणि चालू लागा. अनोळखी असला तरी चालतं. दुसऱ्याने लांबून चित्रण करावं, तिसऱ्याने ११२ लावावा.

सोसायटीचं काम वेगळं, आणि तिथेच खरी कसोटी असते. हल्ल्यानंतर आठवड्याभरात मालक खोली खाली करायला सांगतो. "तुमच्यामुळे कटकट." मालकाशी आधीच बोलून ठेवा. आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देताना मालकाने सोसायटीला आठ दिवस आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. भाडेकरू कोणत्या प्रांताचा, काय खातो यावरून अडवायचा अधिकार समितीला नाही. सर्वसाधारण सभेत तसा एका ओळीचा ठराव करून इतिवृत्तात घ्या. वासाचा विषय निघेलच. नागालँडचं अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, त्याचा वास उग्र असतो हे खरं. पण ज्या जिन्यात सुकट भाजल्याचा वास वर्षानुवर्षं मुरला आहे, तिथे यावर बैठक बोलावणं जरा जड जातं. खिडकीला एक्झॉस्ट पंखा, आणि शिजवण्याची वेळ आधी सांगणं, एवढ्यात मिटतं.

अफवांची तयारी ठेवा. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातल्या हिंसाचारानंतर पुण्यात ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली, आणि पाठोपाठ एसएमएसवरून धमक्यांच्या अफवा पसरून बेंगळुरू, पुणे, चेन्नईहून हजारोजण गुवाहाटीच्या गाड्यांमध्ये बसले. सरकारने एका वेळी पाचपेक्षा जास्त एसएमएसवर पंधरा दिवस बंदी घातली, तोवर लोक निघून गेले होते. अफवा खोडायला जाहीर पत्रक उपयोगी पडत नाही. प्रत्येक इमारतीत एक ओळखीचा आवाज लागतो, जो फोनवर म्हणू शकेल, "मी आत्ता चौकात उभा आहे, काही नाही." मार्च २०२० मध्ये "कोरोना" म्हणून हिणवण्याचे प्रकार वाढले तेव्हा केंद्राला राज्यांसाठी सूचना काढावी लागली होती, पण किराणा दुकानात कुणाला रांगेतून हाकललं तर तिथे गृहमंत्रालय नसतं, शेजारीच असतो.

"तेही भारतीयच आहेत" ही घोषणा मनापासूनची असली तरी मला ती खटकते. मार न खाण्यासाठी भारतीय असण्याची अट कशाला? पुण्यात आफ्रिकेतलेही विद्यार्थी आहेत. त्यांच्याबाबत कलमं तीच लागतात, फक्त व्हिसाच्या भीतीने ते ठाण्यात येत नाहीत. त्यांच्याबरोबर महाविद्यालयाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाचा माणूस न्या.

मोर्चा आता. वरिष्ठ निरीक्षकांकडे तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक आहे की नाही, आणि जबाबदार दोघांचे फोन असा अर्ज द्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७(३)ची जमावबंदी चालू आहे का ते विचारा, ती बऱ्याचदा असते आणि परवानगीशिवाय जमल्यास गुन्हा तुमच्यावर येतो. छोटा मार्ग, त्याच चौकातून, त्याच टपरीवर चहा पिऊन संपणारा. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या बिलिंग्जमध्ये डिसेंबर १९९३ मध्ये एका ज्यू मुलाच्या खिडकीवर वीट फेकली गेली, कारण तिथे त्यांच्या सणाचं दीपदान (मेनोरा, अनेक दिव्यांचा स्टँड) लावलं होतं. स्थानिक वर्तमानपत्राने त्या दीपदानाचं पानभर चित्र छापलं आणि हजारो ख्रिस्ती घरांनी ते खिडकीत लावलं. काही खिडक्या आणखी फुटल्या, तशी चित्रं वाढत गेली. त्याच गावात एका मूलनिवासी बाईच्या घरावर द्वेषाच्या ओळी रंगवल्या होत्या, तेव्हा रंगाऱ्यांच्या संघटनेने जाऊन घर रंगवून दिलं. आपल्याकडे चेहऱ्यावरून होणाऱ्या हल्ल्याला खिडकीतलं चित्र पुरणार नाही, पण भिंतीवर लिहिलेलं पुसणं, फुटलेली काच त्याच दिवशी बसवणं हे जमतं. आधी फोटो आणि पंचनामा, मग रंग.

शेवटची अडचण वेळेची. खटला उभा राहीपर्यंत मुलाचा अभ्यासक्रम संपतो आणि तो दिमापूरला किंवा दिल्लीला जातो. समन्स पुण्याच्या जुन्या खोलीवर जाऊन परत येतं, "साक्षीदार मिळून येत नाही" असा शेरा पडतो, आणि आरोपी सुटतात. म्हणून एफआयआरमध्येच गावचा पत्ता आणि घरच्यांचा नंबर द्या. पोलिसांनी ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवायची असते, नाही कळवली तर लेखी विचारा. धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. मुलगा शहर सोडण्याआधी त्याचा जबाब दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवून घ्यायची विनंती तपास अधिकाऱ्याला करा. साक्ष दूरदृश्य प्रणालीने देता येते, त्यासाठी सरकारी वकिलाला तारखेच्या बरेच आधी भेटून अर्ज करायला सांगावा लागतो. वही सांभाळणाऱ्याने दर तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्याला एक फोन करायचा, आणि पत्ता बदलला आहे का, एवढं विचारायचं.